अर्धी जाहिरात मिरचीला गेली

संपादकांचं पत्र आलं, "तुम्ही सारा जन्म सरकारी दवाखान्यात दाई म्हणून काढला. दिवाळी अंकासाठी एखादा हृदयस्पर्शी अनुभव लिहा." आता बाळंतपणाच्या खोलीत हृदयाला हात लावायला वेळ असतो कुणाला? पाणी उकळलं का, हात धुतले का आणि बाईची सासू दाराबाहेर आहे का, एवढंच तिथं बघायचं असतं. सासू आत असली की बाळंतपण लांबतं, हा माझा स्वतःचा शोध आहे. तो कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही.

तेव्हा हृदय राहू द्या. मी या कामात शिरले कशी, ते सांगते. त्यात थोडी चोरी आहे, थोडी लबाडी आहे आणि एका भल्या माणसाची झालेली फजिती आहे. आता मला कुणी नोकरीवरून काढू शकत नाही, म्हणून सांगते.

आमच्या वेळेला, म्हणजे निजामाच्या राजवटीत, दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या सुमाराला, धाराशिवच्या जनाना दवाखान्यात 'उमेदवार दाई' घेत. उमेदवारी म्हणजे अर्धं काम आणि अर्धी शाळा. सकाळी वॉर्डात राबायचं. भांडी उकळायची, रक्ताचे कपडे धुवायचे, बाळंतिणींना न्हाऊ घालायचं. दुपारी लेडी डॉक्टर फळ्यासमोर बसवून शिकवणार. राहणं-जेवण दवाखान्याचं. दीड वर्षानं परीक्षा, पास झालं की सनद. पुढं मीच जुनी झाले तेव्हा नव्या पोरींना निवडताना डॉक्टर मला शेजारी बसवायच्या. काय एकेक नग यायचे! ढोकीकडची एक आली, तिला काहीही विचारलं की भाऊ उत्तर द्यायचा. शेवटी मी म्हणाले, "भाऊ, तुम्हीच भरती व्हा, लुगडं मी देते." येरमाळ्याची एक म्हणाली, "बायांचं ठावं न्हाय, पर म्हशी सात सोडवल्याती." डॉक्टर हसल्या. मी म्हणाले, हिला घ्या. पुढं तिच्यासारखी चांगल्या हाताची दाई आमच्याकडं दुसरी झाली नाही.

मी कुणाच्या दरख्वास्तीला, म्हणजे अर्जाला, हसायचे नाही, कारण माझी स्वतःची दरख्वास्त मिरचीच्या वासाची होती.

आमचं गाव उमरग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला. आम्ही लिंगायत. गळ्यात लिंग, चुलीपाशी कन्नड, दुकानात मराठी आणि कचेरीत उर्दू, असा सगळा कारभार. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान होतं. सोळाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी नवरा तापानं गेला. मी माहेरी परत आले आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पुड्या बांधायला बसले. पुड्यांना कचेरीतली उर्दू कागदांची रद्दी यायची.

मला उर्दू वाचता यायची, पण ती उलटी. झालं असं, की थोरला भाऊ, अण्णा, शाळेचं पुस्तक घेऊन बसायचा आणि मी त्याच्या समोर गहू निवडत बसायचे. तो मोठ्यानं वाचायचा, मी समोरून बघायचे. त्यामुळं अक्षरं डोक्यात बसली ती पाय वर करूनच. कागद सरळ धरला की मला घाम फुटायचा आणि उलटा धरला की घडाघडा वाचायचे. अण्णा म्हणायचा, "ही वटवाघळाची विद्या हाय."

एके दिवशी अव्वा, माझी आई, धन्याची पुडी घरात घेऊन आली. धने डब्यात ओतले आणि कागद माझ्यापुढं पडला. नशिबानं उलटा पडला. वाचते तर काय, जनाना दवाखाना, उमेदवार दाई, काम करता करता शिक्षण, विधवा बायांना आधी जागा. पुढं लिहिलं होतं, 'दरख्वास्तीसोबत आणायच्या गोष्टी', आणि तिथं कागद फाटलेला. फाडला कुणी? मीच! एका मोठ्या कागदाच्या दोन पुड्या करायच्या, हा माझाच हिशेबीपणा. वरचा अर्धा धन्याला लागला होता, खालचा अर्धा मिरचीला.

आणि ती मिरची गेली होती वीरभद्रप्पांच्या घरी.

आता हे वीरभद्रप्पा कोण, ते ऐका. गावातले कापडाचे व्यापारी, चाळिशीचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला उडकी म्हणतात. अप्पांनी माझी उडकी याच वीरभद्रप्पांशी ठरवायला घेतली होती. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नसावं. माणूस वाईट नव्हता हो. पण माझ्या बापाबरोबर चावडीवर बसणारा माणूस, त्याच्या मिशीत तपकीर, आणि घरात त्याची आई म्हणजे जमदग्नीचा अवतार. उमेदवारीचा कागद वाचल्यापासून तर मला जेवण गोड लागेना. तिकडं शिकायला जायला मिळालं तर सुटले, नाही तर जन्मभर त्या म्हातारीच्या शिव्या खायच्या.

मी शेरभर मिरची पदराखाली घेतली आणि सरळ त्यांच्या सोप्यावर जाऊन उभी राहिले. म्हातारी देवळात गेलेली. वीरभद्रप्पा एकटेच बसले होते. मी मान खाली घालून म्हणाले, "अप्पांनी चुकून जुनी मिरची दिली. ही नवी घ्या आन् ती पुडी परत द्या."

त्यांनी उठून कोनाड्यातनं घडी केलेला कागद काढला.

"मिरची कवाच खाऊन झाली. तुला मिरची पायजे का कागद?"

मी जीभच चावली.

"चार दिस झालं ठेवलाय म्या. कुणाला द्यावं त्ये कळंना," ते म्हणाले आणि कागद वाचून दाखवला. बापाची संमतीची सही. चालचलन चांगली असल्याबद्दल गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या. आणि उमेदवारानं दिलेल्या तारखेला, म्हणजे पुढच्याच सोमवारी, स्वतः दवाखान्यात हजर व्हायचं.

मग त्यांनी विचारलं, "खरं सांग. मला टाळायसाठी चाललीस, का शिकायसाठी?"

मला खोटं बोलता येतं, पण समोरचा सरळ विचारत असला की येत नाही. मी म्हणाले, "धन्याच्या पुडीचा वरचा अर्धा कागद वाचला तवा तुम्हाला टाळायसाठी. आता मिरचीचा अर्धा ऐकल्यावर दोन्हीसाठी."

ते असे हसले, की तपकिरीचा ठसका लागला. ठसका थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळं तपकिरीचं नव्हतं. म्हणाले, "माझी पार्वती तीन दिस अडली व्हती. गावात कुणालाच काय करावं कळंना. बायका नुसत्या भवती बसून राहिल्या. बाळ बी गेलं, ती बी गेली." मग दौत ओढली आणि त्याच मिरचीच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर माझी दरख्वास्त लिहून काढली. "पयली सही माझी घे. पर माझ्या आईला कळू देऊ नगंस. ती मला जेवाय घालायची न्हाय."

मी पदरात कागद लपवून बाहेर पडले, ती नेमकी समोरनं म्हातारी आली. तिनं मला आपल्या सोप्यावरून उतरताना बघितलं. झालं! दिवे लागायच्या आत गावभर झालं, की किराणावाल्याची महादेवी स्वतःच्या पायानं घर बघून आली. "लई घाई झालीया पोरीला," म्हणत बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अप्पा इतके खुश झाले की अव्वाला म्हणाले, "पोर तयार हाय, आता कशाला थांबायचं?" आणि गावच्या मठपतींना दिवस काढायला बोलावणं धाडलं. मठपती म्हणजे आमचे जंगम गुरू, आम्ही त्यांना अय्या म्हणतो. शंकराचा वार म्हणून दिवस निघाला तो सोमवारचाच. तोच सोमवार! लबाडी करायला गेले ती स्वतःच्याच अंगावर उडकी ओढवून घेतली, आता बोला.

दोन दिवस मी रडले. तिसऱ्या दिवशी रडून कंटाळा आला, तेव्हा डोकं चालायला लागलं.

अय्यांना एक हौस होती, प्रवचनाची. त्यांना कुणी शंका विचारली की ते जेवलेलं विसरायचे. उडकीचं पक्कं करायला ते आमच्याकडं आले, पाद्यपूजा झाली, पुरणाचं जेवण झालं. पंधरा-वीस माणसं सोप्यात बसलेली. वीरभद्रप्पा कोपऱ्यात मान घालून. मी पानाचं तबक घेऊन गेले, पाया पडले आणि अगदी भोळा चेहरा करून म्हणाले, "शरणु अय्या. एक शंका व्हती."

"इचार की, बाळ!"

"आपल्यात पाच सुतकं पाळत न्हाईत म्हणं. त्ये कसं काय?"

अय्यांचा चेहरा उजळला. मांडी बदलली. "ऐका रे समदे. गळ्यात लिंग असल्यावर इटाळ कसला? जन्माचं सुतक न्हाई, मरणाचं न्हाई, बाईच्या अडचणीचं न्हाई, उष्ट्याचं न्हाई आन् जातीचं न्हाई. लोक उगं शेजाऱ्यांचं बघून पाळत्यात. अडाणी लेकाचे!"

अप्पांनी अभिमानानं मान हलवली. मी म्हणाले, "म्हंजी बाळंतिणीला शिवलं तर?"

"काय न्हाई."

"रगत लागलं तर?"

"धुतलं की गेलं."

"दुसऱ्या जातीची बाई असली तर?"

इथं अय्या जरा अडखळले. पण समोर पंधरा-वीस अडाणी लेकाचे कान टवकारून बसले होते. "तरी बी न्हाई," अय्या म्हणाले, पण आवाज एक पट्टी खाली आला होता.

मी तबकातल्या पानांखालनं दरख्वास्त काढली. "मग हितं सही करा, अय्या. मी दाईचं काम शिकाय जाते. येत्या सोमवारी हजर व्हायचं हाय."

कुणीतरी तोंडातलं पान गिळलं, त्याचाही आवाज ऐकू आला. अप्पा ताडकन उठले. "शिवशिवा! दाई? माझी पोर जगाची बाळंतपणं काढत हिंडणार? कुणाकुणाला शिवणार?"

अव्वा भिंतीला टेकून उभी होती. जन्मात चारचौघांत न बोललेली माझी आई म्हणाली, "आवं, पर अय्या आत्ताच म्हणाले की, इटाळ न्हाई म्हणून."

सगळ्यांनी अय्यांकडं बघितलं. सही करावी तर यजमान तुटतो, न करावी तर धर्म तुटतो. अय्यांनी पाण्याचा घोट घेतला, कागद वाचल्यासारखा केला. तेवढ्यात कोपऱ्यातनं वीरभद्रप्पा उठले. त्यांची आई खिडकीतनं बघत होती, तरी उठले. "म्या आधीच सही केलीया, अय्या. शिकू द्या पोरीला. उडकी-बिडकी ऱ्हाऊ द्या."

अय्यांनी सही केली. कन्नडमध्ये केली, का तर धाराशिवला कुणाला वाचता येऊ नये म्हणून. पण केली.

राहिली बापाची सही. अप्पांनी टाक असा दाबला की कागदाला भोक पडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "अय्यांचा शब्द मोडत न्हाई म्हणून दिली. पर माझ्या घरच्या पाण्याला तू हात लावायचा न्हाई. तुझ्या हातचं पाणी मला नगं." पाच सुतकं नसणाऱ्या घरात माझ्यासाठी सहावं तयार झालं. मी जिंकले होते, आणि रात्री तहान लागली तेव्हा माठातलं पाणी अव्वाकडून मागून घ्यावं लागलं.

सोमवारसाठी आदल्या दिवशीच अण्णाबरोबर लाल मोटारीत बसले. तुळजापूरच्या अड्ड्यावर मोटार थांबली तेव्हा बसल्या जागेवरनं देवीला हात जोडले आणि म्हणाले, आई, एवढी लबाडी पोटात घाल, पुढचं पुढं बघू. देवीनं घातली असावी, कारण दुसऱ्या दिवशी मी लगेच पुढची केली.

लेडी डॉक्टर हैदराबादच्या. गोऱ्या, जाड चष्मा, तोंडात दखनी. टेबलाच्या पलीकडं त्या, अलीकडं मी, आणि मध्ये त्यांचा कागद. कागदावर उर्दूत सवाल आणि खाली जवाब. त्यांच्याकडून सरळ, म्हणजे माझ्याकडून उलटा! देवाशपथ सांगते, मी वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण उलटं अक्षर दिसलं की माझे डोळे ऐकायचेच नाहीत.

"बाळंतिणीजवळ जाण्याआधी काय करशील?" माझ्या आधीच्या सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, देवाचं नाव घेईन. मी म्हणाले, "हात धुईन. साबणानं. कोपरापर्यंत." डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. दुसरा सवाल, बरोबर. तिसऱ्याला तर त्यांचा सवाल पुरा व्हायच्या आतच माझा जवाब बाहेर पडला. डॉक्टर थांबल्या, माझ्या नजरेचा रोख बघितला आणि कागदावर पंजा ठेवला.

"क्या गे, मेरा कागद पढ रई क्या?"

मी घाईनं छताकडं बघायला लागले.

"अब बोल. बच्चा पैदा होके रोया नै, तो क्या करती तू?"

पंजा कागदावर आणि माझी अक्कल पंजाखाली. आता परत गावी जायचं आणि त्या म्हातारीची सून व्हायचं, एवढंच डोळ्यांपुढं आलं. मला रागच आला. म्हणाले, "बाई, ते मला येत असतं तर इथं शिकाय कशाला आले असते?"

डॉक्टर मागं रेलून हसल्या. मग कागद सरळ फिरवून माझ्यापुढं सरकवला. "चल, पढ." मी ततपप करायला लागले. दोन ओळी झाल्यावर हळूच कागद उलटा केला आणि घडाघडा वाचून काढला. त्या दिवशी बारा बायकांतनं तिघींना ठेवलं, त्यात माझं नाव पहिलं. दरख्वास्तीचा वास घेऊन डॉक्टर तीनदा शिंकल्या, तेवढं मात्र खरं.

वीरभद्रप्पांबद्दल मला अजून वाईट वाटतं. गावानं त्यांची लई टिंगल केली. पोरगी घर बघून गेली ती थेट धाराशिवलाच पळाली, असं लोक म्हणायचे आणि ते ऐकून घ्यायचे. खरं काय ते मी सांगायला पाहिजे होतं. पण तेव्हा मला माझी लबाडी उघडी पडायची भीती, आणि पुढं सवड झाली तेव्हा ते राहिले नव्हते. जिवंत होते तोवर दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी हाती मला मिरचीची पुडी पाठवायचे. कागद नेहमी अख्खा असायचा, फाडलेला नाही.

अप्पांनी मात्र वर्षभर एक चिठ्ठी धाडली नाही. सणाला घरी गेले तर अव्वा मला परसात जेवायला वाढायची आणि अप्पा दुकानातनं आतच यायचे नाहीत. एकदा मी विसरून माठाला हात लावला, तर त्यांनी माठ उचलून दारात ओतला. मी हसण्यावारी नेलं. मोटारीत बसल्यावर मात्र उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत रडले.

मग ऐन उन्हाळ्यात, एका सकाळी, दवाखान्याच्या दारात मोटार थांबली. अण्णा उतरला, अव्वा उतरली, मागनं अप्पा. मोटारीत वहिनी आडवी, दोन दिवसांपासून अडलेली. अप्पांच्या हातात घरनं आणलेला पाण्याचा तांब्या. ते माझ्याकडं बघेनात. मी वहिनीला आत घेतलं आणि सगळ्यांत आधी अव्वाला दाराबाहेर काढलं, कारण तीही शेवटी सासूच.

दुपार उलटली तेव्हा डॉक्टरांनी बाळ सोडवलं. निळं पडलेलं, गप्प. डॉक्टर वहिनीचं रक्त थांबवण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी मान न वळवता बाळ माझ्याकडं दिलं आणि म्हणाल्या, "महादेवी, चौथा सवाल."

मी बोटाला फडकं गुंडाळून तोंड साफ केलं, डोकं खाली धरलं, पाठ चोळली, चोळतच राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग ते पोरगं असं केकाटलं की बाहेर अव्वाही रडायला लागली.

हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, आणि बाहेर आले. अप्पा लिंबाखाली बसले होते. तांब्या शेजारी आडवा, रिकामा. उन्हानं ओठ सुकलेले. दवाखान्याचा नळ समोरच होता, पण तिथं उठून गेले नव्हते.

"पोरगं झालं," मी म्हणाले. "वहिनी बी बरी हाय."

त्यांनी मान हलवली. मग तांब्या उचलून माझ्यापुढं धरला.

"पाणी दे."

मी तांब्या हातात घेतला. पण माझा स्वभाव! तोंडातनं निघून गेलंच, "अप्पा, मी आत्ता बाळंतिणीला शिवलेय."

"शिवशिवा!" अप्पा ओरडले. "आपल्यात सुतक असतंय व्हय? अय्यांनी सही केलीया की!"

मी तांब्या भरून दिला. ते सगळं पाणी एका दमात प्याले, मिशा पुसल्या आणि तांब्या परत माझ्यापुढं धरला.